दुवा निसटला की नोंद हरवते

डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये परस्परांशी संबंधित माहिती वेगवेगळ्या संग्रहांत ठेवली जाते आणि गरजेच्या वेळी जोडून दाखवली जाते. ही जोड चुकली तर संगणक बहुधा तक्रार करीत नाही. तो केवळ रिकामी यादी पुढे करतो. त्या रिकामेपणाचा अर्थ कसा लावायचा, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

समजा, एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात रात्री उशिरा एक वृद्ध गृहस्थ तातडीने दाखल होतात. नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचारी त्यांचा केसपेपर क्रमांक संगणकात घालतो. पडद्यावर नाव, वय, पत्ता आणि मागील भेटींच्या तारखा उमटतात. त्याखाली ‘औषधांची ॲलर्जी’ अशी एक चौकट असते. तिच्यात काहीही नसते. ती रिकामी चौकट पाहून कर्तव्यावरील डॉक्टर पेनिसिलीन वर्गातील इंजेक्शन लिहून देतात. वस्तुतः या गृहस्थांना दोन वर्षांपूर्वी याच औषधाची तीव्र रिॲक्शन आलेली असते. तशी नोंदही याच रुग्णालयाच्या संगणकात, दुसऱ्या एका कप्प्यात, व्यवस्थित जपून ठेवलेली असते.

हा प्रसंग काल्पनिक आहे. त्यामागची तांत्रिक चूक मात्र काल्पनिक नाही. रुग्णांच्या मुख्य संग्रहात केसपेपर क्रमांक ‘संख्या’ म्हणून साठवला गेला आणि ॲलर्जीच्या संग्रहात तोच क्रमांक ‘मजकूर’ म्हणून साठवला गेला, एवढ्याने हे घडू शकते. माणसाच्या डोळ्यांना ४०७१८ हे दोन्हीकडे सारखेच दिसते. संगणकाच्या लेखी मात्र संख्या निराळी आणि त्याच आकड्यांची अक्षरमाळ निराळी. दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून जोड लागत नाही, आणि जोड लागली नाही म्हणून चौकट रिकामी राहते. नोंद पुसली गेलेली नसते, कोणी चोरलेलीही नसते. केवळ दुवा निसटलेला असतो.

रुग्णालय, बँक, विमा, ऑनलाइन खरेदी अशा अनेक व्यवहारांत आज माहिती अशा सुट्या संग्रहांतून गोळा होऊन ग्राहकासमोर येते. त्यामुळे ही जोडणी कशी चालते आणि कोठे फसते, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

तक्ते आणि फायली

संगणकात माहिती साठवण्याची अनेक दशके रूढ असलेली पद्धत तक्त्यांची आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधन प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधातून या पद्धतीचा सैद्धांतिक पाया घातला. पुढे त्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा तयार केली. तीच आज ‘एसक्यूएल’ या नावाने परिचित आहे. एक वस्तुस्थिती शक्यतो एकाच ठिकाणी लिहावी आणि हवी तेव्हा तक्त्यांची जोड लावून पूर्ण चित्र उभे करावे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. पत्ता एकाच तक्त्यात असेल तर तो बदलताना एकाच ठिकाणी हात लावावा लागतो, हा त्याचा उघड फायदा.

डॉक्युमेंट डेटाबेसची वाट वेगळी आहे. येथे तक्त्यातील ओळीऐवजी एक ‘डॉक्युमेंट’ असते. त्याची तुलना कार्यालयातील फाइलशी करता येईल. एका रुग्णाच्या फाइलमध्ये त्याचे नाव असते, दोन-तीन दूरध्वनी क्रमांकांची यादी असते आणि घर, रस्ता, शहर असे पोटविभाग असलेला पत्ता असतो. एका फाइलमध्ये विमा पॉलिसीचा रकाना असेल आणि दुसरीत नसेल, तरी चालते. एका प्रकारच्या अशा डॉक्युमेंट्सचा गठ्ठा म्हणजे ‘कलेक्शन’ किंवा संग्रह.

या प्रकारातील सर्वाधिक परिचित नावांपैकी एक म्हणजे मोंगोडीबी. ड्वाइट मेरिमन, एलियट होरोविट्झ आणि केविन रायन यांनी २००७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘टेनजेन’ नावाची कंपनी काढली. इंटरनेटवरील जाहिरातींच्या क्षेत्रातील ‘डबलक्लिक’ या कंपनीत काम करताना प्रचंड माहितीसाठ्यांच्या अडचणी त्यांनी अनुभवल्या होत्या. मोंगोडीबी २००९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. प्रचंड या अर्थाच्या ‘ह्युमंगस’ या इंग्रजी शब्दावरून तिचे नाव घेतलेले आहे. पुढे २०१३ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले.

एकत्र ठेवावे की वेगळे?

जे एकत्र वाचायचे ते एकत्रच ठेवावे, हा डॉक्युमेंट डेटाबेसचा मूळ विचार. रुग्णाचा पत्ता रुग्णाच्याच डॉक्युमेंटमध्ये ठेवला, की तो शोधण्यासाठी दुसरीकडे जावे लागत नाही. एकदा फाइल उघडली की सर्व काही हाती येते. मग सारेच एका डॉक्युमेंटमध्ये का भरू नये?

याला तीन अडचणी आहेत. पहिली आकाराची. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची कमाल मर्यादा १६ मेगाबाइट इतकी आहे. एखाद्या जुन्या रुग्णाच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्या, दर मिनिटाला नोंदवले गेलेले नाडीचे ठोके, परिचारिकांच्या टिपणी हे सारे त्याच्याच फाइलमध्ये कोंबले तर ती फुगत जाते. केवळ रुग्णाचे नाव हवे असले तरी संगणकाला तो सारा भार उचलावा लागतो.

दुसरी अडचण पुनरुक्तीची. एका डॉक्टरांचे नाव, विभाग आणि दूरध्वनी क्रमांक त्यांच्या प्रत्येक रुग्णाच्या डॉक्युमेंटमध्ये लिहिला आणि उद्या त्यांचा क्रमांक बदलला, तर हजारो ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. त्यातील काही जागा सुटल्या की एकाच डॉक्टरांचे दोन क्रमांक व्यवहारात फिरू लागतात. तिसरी अडचण मालकीची. ॲलर्जीची नोंद औषधशास्त्र विभाग ठेवतो, बिलाची नोंद लेखा विभाग ठेवतो आणि तपासणीचा अहवाल प्रयोगशाळा ठेवते. प्रत्येकाचे काम, वेळ आणि अधिकार वेगळे असल्यामुळे संग्रहही वेगळे होतात.

मात्र पुनरुक्ती म्हणजे नेहमीच दोष, असे समजण्याचे कारण नाही. दुकानाच्या बिलावर वस्तूची त्या दिवशीची किंमत लिहिलेली असते. उद्या किंमत वाढली म्हणून कालचे बिल बदलता कामा नये. येथे किमतीची नक्कल हा पुरावा असतो. तेव्हा जे बदलल्यावर सर्वत्र बदलायला हवे ते एका जागी ठेवून त्याचा क्रमांक द्यावा, आणि जे त्या क्षणाचे साक्षीदार आहे ते तेथेच उतरवून घ्यावे, हा विवेक माहितीची रचना करणाऱ्याने करायचा असतो.

सातबाराचा दाखला

क्रमांकाच्या आधारे दोन वेगळ्या दप्तरांची सांगड घालण्याची कल्पना महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. ज्याला आपण ‘सातबारा’ म्हणतो तो उतारा मुळात गावदप्तरातील दोन नमुन्यांचा मिळून बनलेला आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिचे क्षेत्र किती आणि तिच्यावर कोणाचे हक्क आहेत, हे गाव नमुना सातमध्ये असते. त्या जमिनीत कोणते पीक घेतले गेले, हे गाव नमुना बारामध्ये असते. विषय दोन, नमुने दोन. तथापि गट क्रमांक एकच असल्याने दोन्ही एका कागदावर शेजारी बसतात.

याच उताऱ्यावर फेरफारांचे क्रमांकही दिसतात. खरेदी, वारसा, बोजा इत्यादींची हकिगत तेथे लिहिलेली नसते. ती गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. सातवर केवळ क्रमांकाचा निर्देश असतो, आणि ज्याला तपशील हवा त्याने तो क्रमांक घेऊन दुसरे दप्तर उघडायचे असते. खाते क्रमांकावरून आठ-अचा उतारा काढला की त्या खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र दिसते. संगणकाच्या परिभाषेत बोलायचे तर हे सर्व ‘संदर्भ’ होत आणि गट क्रमांक व खाते क्रमांक हे त्यांचे दुवे. क्रमांक चुकला तर दप्तरातील नोंद जागच्या जागी राहूनही शेतकऱ्याच्या हाती येत नाही, हे सांगण्यासाठी संगणकतज्ज्ञाची गरज नाही.

सहा वर्षांची प्रतीक्षा

संबंधित माहिती एकत्रच ठेवली जाईल या गृहीतकावर उभारणी झाल्यामुळे मोंगोडीबीत सुरुवातीला दोन संग्रह जोडण्याची सोयच नव्हती. जोडणीचे काम प्रोग्रॅमरला स्वतः करावे लागे. पन्नास रुग्णांची यादी आणायची, मग त्यातील प्रत्येकाचा क्रमांक घेऊन ॲलर्जीच्या संग्रहाकडे स्वतंत्र फेरी मारायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी अवलंबली जाई. पन्नास रुग्णांसाठी एक्कावन्न फेऱ्या! जाणकार प्रोग्रॅमर सर्व क्रमांक गोळा करून एकाच फेरीत विचारणा करीत. परंतु आलेल्या उत्तरांची वाटणी ज्याची त्याला करण्याचे काम त्यांच्याच माथी राही.

डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ३.२ या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली. ‘लुकअप’ नावाची नवी पायरी तिच्यात दाखल झाली. तिच्या आगमनाआधी एक छोटासा वादही झाला. ही सोय केवळ पैसे मोजणाऱ्या ग्राहकांच्या आवृत्तीत देण्याचा कंपनीचा मूळ विचार होता. वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केल्यानंतर होरोविट्झ यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तो निर्णय मागे घेतला आणि लुकअप सर्वांनाच उपलब्ध झाले. जोडणी ही चैन नसून मूलभूत गरज आहे, याचीच ही एका अर्थी कबुली होती.

त्यानंतर या सोयीचा विस्तार होत गेला. २०१६ च्या ३.४ आवृत्तीत दुव्यामागून दुवा शोधत जाणारी ‘ग्राफ लुकअप’ ही पायरी आली. २०१७ च्या ३.६ आवृत्तीत एकापेक्षा अधिक अटी घालून जोड लावणे शक्य झाले. २०२० च्या ४.४ आवृत्तीतील ‘युनियन विथ’चे काम थोडे वेगळे आहे. लुकअप संबंधित नोंदी शेजारी आणून बसवते, तर युनियन विथ दोन संग्रहांतील नोंदी एकाखाली एक रचते. दोन शाखांच्या बाह्यरुग्ण नोंदवह्या सलग करायच्या असतील तर ती उपयोगी पडते. अनेक यंत्रांवर विभागून ठेवलेल्या संग्रहाशी जोड लावण्याची मुभा २०२१ च्या ५.१ आवृत्तीत मिळाली.

जोड लागते कशी?

मोंगोडीबीत माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी ‘ॲग्रिगेशन पाइपलाइन’ नावाची व्यवस्था आहे. नोंदी एका पायरीतून दुसऱ्या पायरीत जातात आणि प्रत्येक पायरी त्यांच्यावर एक संस्कार करते. एक पायरी निवड करते, दुसरी क्रम लावते, तिसरी बेरीज करते. लुकअप ही त्यातीलच एक होय.

साध्या जोडणीसाठी लुकअपला चार गोष्टी सांगाव्या लागतात. कोणत्या संग्रहातून माहिती आणायची, हे ‘फ्रॉम’मध्ये सांगायचे. आपल्या नोंदीतील कोणता रकाना जुळवायचा, हे ‘लोकल फील्ड’मध्ये, समोरच्या संग्रहातील कोणत्या रकान्याशी जुळवायचा, हे ‘फॉरिन फील्ड’मध्ये, आणि सापडलेल्या नोंदी कोणत्या नावाने ठेवायच्या, हे ‘ॲज’मध्ये.

आपल्या रुग्णालयात तीन रुग्ण आहेत असे मानू. पहिल्याच्या नावावर ॲलर्जीच्या दोन नोंदी आहेत, दुसऱ्याच्या नावावर एक आणि तिसऱ्याच्या नावावर एकही नाही. लुकअप चालवल्यावर तीन रुग्णांची तीन डॉक्युमेंट्सच परत मिळतात. प्रत्येकात एक नवी यादी जोडलेली असते. पहिल्याच्या यादीत दोन नोंदी, दुसऱ्याच्या यादीत एक आणि तिसऱ्याची यादी रिकामी. जोडीदार सापडला नाही म्हणून मूळ रुग्णाला वगळले जात नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. परिभाषेत तिला ‘लेफ्ट आउटर जॉइन’ म्हणतात.

अनेकदा यादीऐवजी प्रत्येक नोंदीची स्वतंत्र ओळ हवी असते. त्यासाठी ‘अनवाइंड’ ही पायरी वापरली जाते. ती यादी उलगडून पहिल्या रुग्णाच्या दोन ओळी आणि दुसऱ्याची एक ओळ करते. आणि तिसरा रुग्ण? तो यादीतून चक्क नाहीसा होतो! रिकाम्या यादीत उलगडण्यासारखे काही नसल्यामुळे त्याच्या वाट्याला ओळच येत नाही. रिकाम्या याद्या असलेल्या नोंदीही राखाव्यात, असे वेगळे बजावले तरच तो टिकतो. लुकअपने सांभाळलेला रुग्ण पुढच्याच पायरीवर असा गळून पडतो. रुग्णांची एकूण संख्या अहवालात कमी भरते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

मूक चुका

प्रोग्रॅम बंद पडला तर चूक निदान लक्षात तरी येते. जोडणीतील अनेक चुका मात्र मूक असतात. त्यांतील पहिली म्हणजे प्रारंभी सांगितलेली, प्रकारभेदाची. एकीकडे संख्या आणि दुसरीकडे मजकूर असेल तर जुळणी होत नाही. मोंगोडीबी प्रत्येक डॉक्युमेंटला स्वतःहून जो ओळख क्रमांक देते, त्याचा तर ‘ऑब्जेक्ट आयडी’ हा स्वतंत्रच प्रकार आहे. तो दुसऱ्या संग्रहात साधा मजकूर म्हणून उतरवला गेला, की हीच गत होते. जुन्या स्प्रेडशीटमधून माहिती आयात करताना असे हमखास घडते.

दुसरी चूक शुद्धलेखनाची. संग्रहाचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले आणि त्या नावाचा संग्रहच अस्तित्वात नसला, तरी लुकअप हटकत नाही. नसलेल्या संग्रहात काहीच सापडले नाही, असे मानून ती प्रत्येकाला रिकामी यादी देते.

तिसरी चूक याच्या नेमकी उलट आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. रुग्णाच्या डॉक्युमेंटमध्ये केसपेपर क्रमांकाचा रकानाच नसेल तर लुकअप त्याचे मूल्य ‘शून्यवत’, म्हणजे ‘नल’ धरते. समोरच्या संग्रहातील ज्या नोंदींत तो रकाना नाही, त्यांनाही ती हाच न्याय लावते. परिणामी क्रमांक नसलेला रुग्ण आणि क्रमांक नसलेल्या साऱ्या नोंदी एकमेकांशी जुळतात! घाईत क्रमांकाविना दाखल केलेल्या एका रुग्णाच्या नावापुढे भलत्याच पाच जणांच्या ॲलर्जी येऊन बसू शकतात. पहिल्या चुकीत आपले माणूस परके होते, तर येथे परकी माणसे आपली होतात.

मराठीत माहिती भरणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते. युनिकोडमध्ये त्याला २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी ‘अ’ला अर्धचंद्राची मात्रा लावून, कधी मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह घालून, ते साधले जाई, आणि अनेक कळफलकांनी ती पद्धत पुढेही चालू ठेवली. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ती वेगवेगळी अक्षरे आहेत. मजकूर म्हणून लिहिलेले देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक यांचेही तसेच. शिवाय आडनाव ‘कुलकर्णी’ की ‘कुळकर्णी’, नावापुढे ‘राव’ आहे की नाही, शेवटी एखादी मोकळी जागा राहून गेली आहे काय, हे प्रश्न उरतातच. म्हणून नावावरून जोड लावू नये, क्रमांकावरूनच लावावी, हा नियम मराठीत अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो.

शंभर कोटी तुलना

अचूकतेइतकाच प्रश्न वेगाचा आहे. पाच हजार रुग्ण आणि दोन लाख तपासणी अहवाल यांची जोड लावायची आहे असे धरू. प्रत्येक रुग्णासाठी संगणकाला सारे अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळावे लागले, तर तुलनांची संख्या शंभर कोटींवर जाते. खिडकीसमोरची रांग का हलत नाही, याचे उत्तर कधी कधी या गुणाकारात दडलेले असते.

यावरचा उपाय म्हणजे ‘इंडेक्स’, अर्थात सूची. समोरच्या संग्रहातील जुळवणीच्या रकान्यावर सूची तयार केली, की दोन लाखांतील हवी ती नोंद मोजक्या पायऱ्यांत सापडते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत नाही, त्यातलाच हा प्रकार. क्रमाने लावलेल्या दोन लाख नोंदी दर वेळी निम्म्या-निम्म्या करीत गेले तरी अठराव्या पायरीपर्यंत शोध संपतो. २०२२ च्या ६.० आवृत्तीपासून मोंगोडीबी काही परिस्थितींत जोडणीसाठी अधिक वेगवान तंत्रेही स्वतः निवडते. तरी सूचीचे महत्त्व कमी झालेले नाही.

पायऱ्यांचा क्रमही महत्त्वाचा. आज दाखल झालेल्या चाळीस रुग्णांचीच माहिती हवी असेल, तर आधी त्या चाळीस जणांची निवड करावी आणि मग जोड लावावी. आधी साऱ्यांची जोड लावून नंतर चाळीस निवडणे म्हणजे साऱ्या गावाचा स्वयंपाक करून चार पाने वाढण्यासारखे आहे. याशिवाय जोडून तयार झालेल्या डॉक्युमेंटलाही १६ मेगाबाइटची मर्यादा लागू असते, हे विसरून चालत नाही.

दक्षता कोणती घ्यावी?

तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये एक राखणदार नेमता येतो. मुख्य तक्त्यात जो क्रमांकच नाही, त्याच्या नावाने दुसऱ्या तक्त्यात नोंद करू पाहिली तर तो ती अडवतो. याला ‘फॉरिन की’चे बंधन म्हणतात. मोंगोडीबीत असा राखणदार नाही. एखाद्या रुग्णाची मुख्य नोंद काढून टाकली तरी त्याचे अहवाल मागे अनाथ होऊन पडून राहतात. ही जबाबदारी रचनाकाराची आहे.

ती पार पाडण्याचे मार्ग मात्र आहेत. दुव्याचा रकाना सर्व संग्रहांत एकाच प्रकारचा ठेवणे, ही पहिली शिस्त. मोंगोडीबीत डॉक्युमेंटच्या रचनेबाबत नियम घालता येतात. क्रमांक असलाच पाहिजे आणि तो मजकूर असला पाहिजे, असा नियम केला की विसंगत नवी नोंद नाकारली जाते. आधीपासून असलेल्या नोंदी मात्र नियम लागू करताच आपोआप तपासल्या जात नाहीत. त्यांची झडती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारचे मूल्य आहे, हे शोधण्याची सोय त्यासाठी उपलब्ध आहे.

ज्यांत दुव्याचा क्रमांकच नाही अशा नोंदी जोडणीपूर्वी बाजूला काढाव्यात, म्हणजे अनोळखी माणसांची गाठ पडत नाही. ठरावीक काळाने उलट्या दिशेनेही जोड लावून पाहावी. ॲलर्जीच्या प्रत्येक नोंदीला तिचा रुग्ण सापडतो काय, हे तपासावे. ज्यांची यादी रिकामी येईल, त्या अनाथ नोंदी होत. मुख्य पडद्यावर कधीच न दिसणारी चूक या उलट तपासणीत दिसून येते. तसेच दोन संग्रहांतील बदल एकदमच व्हावेत किंवा मुळीच होऊ नयेत, अशी गरज असेल तेथे २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून मिळणारी ‘ट्रान्झॅक्शन’ची सोय वापरावी.

‘नाही’ हीसुद्धा नोंदच

एवढे सारे करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. रिकामी यादी म्हणजे काय? रुग्णाला ॲलर्जी नाही, की त्याला कोणी विचारलेच नाही, की विचारले, लिहिले आणि दुवा निसटला? लुकअपच्या उत्तरात या तिन्ही शक्यतांचा चेहरा एकच असतो.

याचे उत्तर संगणकशास्त्राइतकेच वैद्यकीय शिस्तीत सापडते. चांगला केसपेपर लिहिताना ॲलर्जी नसेल तर ती जागा कोरी सोडत नाहीत. ‘ज्ञात ॲलर्जी नाही’ असे स्पष्ट लिहितात. डेटाबेसच्या रचनेतही हेच करता येते. ज्या रुग्णाला विचारून ‘नाही’ असे उत्तर मिळाले, त्याची तशी नोंद, तारखेसह आणि विचारणाऱ्याच्या नावासह, ॲलर्जीच्या संग्रहात ठेवायची. मग रिकाम्या यादीला एकच अर्थ उरतो, तो म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’. पडद्यावरही मग कोरी चौकट न दाखवता ‘नोंद आढळली नाही, रुग्णास विचारावे’ असे ठळक अक्षरांत सांगता येते.

हा बदल करायला नवी आवृत्ती लागत नाही की महागडे यंत्र लागत नाही. पण प्रारंभीच्या प्रसंगात डॉक्टरांसमोर कोऱ्या चौकटीऐवजी ही एक ओळ असती, तर इंजेक्शन लिहिण्यापूर्वी त्यांनी एक प्रश्न विचारला असता. दुवा निसटलेलाच राहिला असता. परंतु त्या वृद्ध गृहस्थांनी किंवा सोबतच्या नातेवाइकांनी दोन वर्षांपूर्वीची हकिगत सांगितली असती.